स्लॅबच्या वरची खोली

नवीन जागेत गेलं की लोक खिडक्या बघतात, नळाला पाणी येतं का बघतात. मी छत बघतो. लग्नाला गेलो तरी तेच. भटजी मंगलाष्टकं म्हणत असतात, लोक अक्षता टाकत असतात आणि माझी मान वर, हॉलच्या बीमकडे. बायको कोपरानं ढोसते. डॉक्टरांनी मानेला पट्टा दिलाय, तो गाडीच्या मागच्या सीटवर पडलेला असतो. पट्टा लावला की वर बघता येत नाही, आणि वर बघता आलं नाही तर माझं घर कसं चालायचं?

गोडाऊनमध्ये उभी मशिनं बसवणं हे माझं काम. स्वतःहून सामान काढून देणारं कपाटच म्हणा ना. आत पुढच्या आणि मागच्या बाजूला एकावर एक ट्रे रचलेले असतात, मधून एक लिफ्ट वरखाली फिरते. स्क्रीनवर नंबर दाबला की हवा तो ट्रे ती काढते आणि कमरेच्या उंचीवर पुढ्यात आणून ठेवते. शिडी नको, शोधाशोध नको, वाकणं नको. कल्पना फार चांगली आहे, मी तिची टिंगल करणार नाही. तिची अट एकच, डोक्यावर जागा पाहिजे. खाली जागा थोडी आणि वर मोप, असं जिथं असेल तिथं हे मशीन शोभतं.

पनवेलच्या आसपास नेमकं उलटं आहे. इकडची निम्मी गोडाऊनं गोडाऊन म्हणून बांधलेलीच नाहीत. शेतं आणि मिठागरं सरकारनं घेतली, बदल्यात प्लॉट दिले. लोकांनी प्लॉटवर घरं बांधली, वर स्वतः राहिले आणि खालचा मजला मोकळा ठेवला. लग्नाची पंगत बसेल, पावसाळ्यात गाडी उभी राहील एवढ्या उंचीचा. मग न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणारे ट्रेलर वाढले, त्यांचे सुटे भाग विकणारे वाढले, आणि पंगतीच्या जागेत बेअरिंगं, ब्रेकचे लायनर, ऑइल सील येऊन बसले. त्या बुटक्या जागेत आता त्यांना ऑटोमॅटिक मशीन पाहिजे. नाकापेक्षा मोती जड, पण हौसेला मोल नसतं.

आमचा विकणारा पोरगा एसीत बसून मशीन विकतो. "सर, साइट व्हिजिट झालीय," म्हणतो. व्हिजिट म्हणजे ह्यानं गेटवर उभं राहून फोटो काढलेला असतो. मग टेप घेऊन मी जातो आणि त्याच्या पापाचं माप घेतो. मी स्वतः करंजाड्यात राहतो, कर्जाच्या फ्लॅटमध्ये. त्याचंही छत असं, की पंख्याखाली उभं राहून अंगातला शर्ट काढता येत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या छताशी भांडायचं आणि संध्याकाळी आपल्या छताखाली येऊन आडवं पडायचं. खरं सांगतो, मी कंटाळलोय. काम वाईट नाही, मी कंटाळलोय.

ही गोष्ट अशाच एका गोडाऊनची आहे. पनवेलहून उरणच्या बाजूला गेलं की एक जुनं आगरी गाव लागतं, आता त्याला गाव म्हणायचं की वसाहत हे कुणालाच ठरवता येत नाही. तिथं एका शेठची तीन मजली इमारत. शेठ म्हणजे जागेचा मालक. खाली गोडाऊन, ट्रेलरचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीला भाड्यानं दिलेलं. वरच्या दोन मजल्यांवर शेठचं कुटुंब. शेठ पन्नाशी उलटलेला, गळ्यात जाड साखळी, बोलायला मात्र अगदी मऊ. मी पहिल्या दिवशी आत शिरलो आणि बीमला हेल्मेट घासलं. हात वर केला तर तळवा स्लॅबच्या जवळ. मशीन विकलं होतं त्याच्या दुप्पट उंचीचं.

अशा वेळी रस्ते तीनच असतात. खाली जायचं, म्हणजे खड्डा करून मशीन जमिनीत उतरवायचं. वर जायचं, म्हणजे स्लॅबला भोक पाडून ते वरच्या मजल्यात घुसवायचं. नाहीतर मशीनच बुटकं करायचं.

आधी खाली गेलो. मजुरांनी कोपऱ्यात कमरेइतकं खणलं. दुपारी जेवून आलो तर खड्ड्यात पाणी. शेठनं उकिडवं बसून त्यात बोट बुडवलं आणि चाटून बघितलं.

"खारं हाय," तो म्हणाला. त्याला आनंदच झाल्यासारखा दिसला. "इथपर्यंत मिठागरं व्हती, साहेब. सरकारनं घेतली, पन ती काय गेली नाय."

खड्डा बुजवला. बुटक्या मशीनचं भाडेकरू कंपनीच्या मॅनेजरला विचारलं. तो तरुण, हुशार, सतत घाईत. "सर, मग त्यापेक्षा माझ्या शिड्या काय वाईट आहेत?" तो म्हणाला. वर हेही म्हणाला, की इथं जमत नसेल तर हायवेच्या बाजूला उंच शेड मिळतायत, दिवाळीनंतर तिकडे हलू. हे शेठसमोरच म्हणाला. शेठचा चेहरा उतरला. या भाड्यावर त्याच्या घराचा रोजचा गाडा चालतो, हे त्यानं मला चहा पिता पिता आधीच सांगितलेलं होतं.

मग शेठनं कोपऱ्यातला बांबू उचलला आणि स्लॅबला खालून ठोकला. "मंग वर जावा," तो म्हणाला.

"वर कोण राहतं?" मी विचारलं.

"कोन नाय. मंजे हाय तशी. बायची खोली हाय."

बाय म्हणजे त्याची थोरली बहीण. आम्ही वर गेलो. शेठच्या बायकोनं कुलूप काढून दिलं. खोली लहान, पण अशी स्वच्छ की चपला आपोआप बाहेर निघाल्या. एक लाकडी खाट, तिच्यावर घडी घातलेली गोधडी, एक पत्र्याची पेटी, भिंतीवर बापाचा फोटो आणि खिडकी. खिडकीतून पूर्वी मिठागरं दिसत असणार, आता कंटेनरच्या थप्प्या दिसतात. पेटीवर रिकामी बरणी होती. बहीण येताना सुका जवळा आणते आणि जाताना बरणी इथंच ठेवून जाते, असं शेठची बायको म्हणाली.

जमिनीचे पैसे आणि प्लॉट यायच्या वेळी बहिणींनी कागदावर सही करून आपला हक्क सोडायचा, ही रीत सगळीकडचीच. माझ्या सांगलीकडच्या घरातही तेच झालं आणि त्याबद्दल कुणाला काही वाटल्याचं मला आठवत नाही. या घरात एवढाच फरक, की सही झाल्यावर बापानं सगळ्यांना बसवून सांगितलं, नव्या घरातली जिन्यालगतची पहिली खोली मुलीची. ती जिवंत आहे तोवर तिच्यात दुसरं कुणी राहायचं नाही. बाप जाऊनही खूप वर्षं झाली. शेठनं शब्द पाळला होता. घरात पाहुणे जमिनीवर झोपले, पण ती खोली कुणाला दिली नाही.

"मग त्यांना विचारलंत?" मी म्हणालो.

"इचारायचं काय त्याच्यात?" शेठ जरा दुखावल्यासारखा झाला. "मी काय तिला बाहेर काढतंय? वरच्या मजल्यावर तिच्यासाठी नवी खोली करतंय. एसी, गीझर, समदं. ह्या खोलीत काय हाय, साहेब? गरमीनं जीव जातो. भाऊबीजेला ती येल तवा दाखवीन. तोवर तुमी तिला काय बोलू नका."

तो मनापासून बोलत होता. मला त्याचा राग करायचा होता, पण जमेना. बहिणीला विचारलं तर तिची खोली आपण काढून घेतोय असं कबूल केल्यासारखं होतं. न विचारता चांगली खोली दिली, की भावानं बहिणीला काहीतरी दिलं असं होतं. त्याचा हिशोब त्याच्या परीनं सरळ होता.

स्ट्रक्चरवाला इंजिनिअर येऊन बघून गेला. दोन बीमच्या मधला स्लॅब कापता येईल म्हणाला. मी शिडीवर चढून खालून खडूनं चौकोन आखत होतो, त्या दिवशी बहीण आली. गणपती होऊन गेले होते. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पनवेलला झालेलं, डॉक्टरला डोळा दाखवून ती एसटी स्टँडवरून रिक्षानं इकडे आली होती. घरचे सगळे कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलेले. वरचं दार बंद. म्हणून ती गोडाऊनमध्ये आली आणि एका खोक्यावर बसली. साठीची बाई, नऊवारी, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा मोठा चष्मा. त्या चष्म्यातून ती वर बघत होती.

"भाऊ, वर कोन राहतं ठाव हाय का तुमाला?"

नाही म्हणून टाकायला काही लागलं नसतं. "तुमची खोली आहे ना, ताई?" मी म्हणालो.

तिला फार बरं वाटलं. मग ती बोलायलाच लागली, आणि मी शिडीवर उभा राहून ऐकत राहिलो, कारण खाली उतरलो असतो तर ती समोरासमोर काहीतरी विचारेल अशी मला भीती होती.

"बापानं दिली मना," ती म्हणाली. "सासरी माजं वाईट नाय हां. पोरगा चांगला हाय, सून चांगली हाय. पन जागा नाय. नातवाचा अभ्यास असला का माजी खाट पॅसेजमधी. पॅसेजमधी कोन आलं का परत आतमधी. सून कामावरून उशिरा येतं, तिला लाईट लागतं, तवा मी भिंतीकडं तोंड करतंय. कोनाचं चुकत नाय. पन हितं आल्यावर माजी खाट कोन हलवत नाय. वर्सातनं दोन-तीनदा येतंय मी. बाकीचे दिवस नुसतं म्हाईत असलं तरी झोप लागतं."

ती हसली. मला हसता आलं नाही. एखादं ओझं आपल्या खांद्यावर कुणीतरी अलगद ठेवून जावं आणि आपण नको म्हणायच्या आत तो माणूस गेलेला असावा, तसं मला झालं.

मग तिनं बोट वर केलं. "ह्यो चौकोन कसला वो?"

"शेठना विचारा," मी म्हणालो.

तिनं चष्मा काढला, पदरानं डोळा टिपला आणि परत लावला. "मंजे हाय कायतरी."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मी कोण लागून गेलो?

"नाय इचारनार," ती म्हणाली. "मी इचारलं ना, तर तो लगेच काम बंद करील. तसाच हाय तो पहिल्यापासून. मंग ह्यो भाडोत्री जाल. मंग वयनी मना बोलनार नाय, पन मनात ठेवल. तसं झाल्यावर खोली राहिली काय नि गेली काय?"

एवढं म्हणून ती उठली, रिक्षा कुठं मिळेल ते विचारलं आणि भावाला न भेटता निघून गेली. जाताना म्हणाली, "मी आल्ती ते सांगू नका. जेवून नाय गेली म्हनून कटकट करील."

घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही कशाला मध्ये पडता, आधी मानेचं बघा. बरोबरच होतं तिचं. पण मला दया वगैरे आली नव्हती, मला चीड आली होती. भाऊ बहिणीला विचारत नाही, बहीण भावाला विचारत नाही, दोघंही एकमेकांच्या भल्यासाठी तोंड शिवून बसलेत, आणि मधल्यामध्ये स्लॅब मी कापायचा. उद्या करवतीचा आवाज सुरू झाला की तो माझ्या नावावर.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरच्या मालाकडे नीट बघितलं. आधी कुणी बघितलंच नव्हतं, सगळे छताकडे बघत होतो. खोकी मोठी, पण उघडली की निम्मी हवा. तळहाताएवढं सील आणि ते ठेवायला मिठाईच्या खोक्याएवढा डबा. ही मशिनं ट्रे आत ओढताना त्याच्यावरच्या मालाची उंची मोजून घेतात आणि तेवढीच जागा देतात, वर रिकामं काही सोडत नाहीत. माल खोक्यांतून काढून ट्रेमध्ये मांडला तर ट्रे एकमेकांच्या अगदी अंगाशी बसतात. स्प्रिंगचे लांबलचक पाटे आणि सिलिंडर तसेही मशीनमध्ये जाणार नव्हते. म्हणजे एका उंच मशीनऐवजी दोन बुटकी शेजारी शेजारी ठेवली तर सगळं मावत होतं. स्लॅब कापायचा खर्च, परवानग्या, वरच्या मजल्याला द्यावे लागणारे आधार, हे सगळं वाचत होतं.

मॅनेजरला पटायला वेळ लागला. त्यानं स्वतः एक रॅक खोक्यांतून रिकामा करून बघितला, आणि मग बघतच राहिला. आमचे साहेब फोनवर आधी ओरडले, "तू मशीन बसवायला गेलास का लोकांची घरं वाचवायला?" मी म्हणालो, दोन मशिनं विकली जातायत. "मग वाचव," ते म्हणाले.

शेठला मी सांगितलं तेव्हा तो जिन्यात उभा होता. "स्लॅब तोडायचा नाही. खोलीला हात लावायचा नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. पण त्याचं लक्ष नव्हतं. वरून दोन माणसं एसीचं खोकं चढवत होती आणि कठडा वाचवा म्हणून तो त्यांना ओरडत होता. खाट, पेटी, बापाचा फोटो, सगळं आदल्याच दिवशी वर गेलं होतं.

"आता परत खाली आणा ना सामान," मी म्हणालो.

"कशाला? नवी खोली झाली तिची. तुमी बघा तरी वर येऊन."

मी बघून आलो. चांगली होती. पांढऱ्या टाइल्स, पडदे, नवा पलंग, गादीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. जुनी खाट गच्चीत उभी करून ठेवली होती.

पुढचं मी आधीच ओळखायला हवं होतं, पण मी मापं घेणारा माणूस, मला जागा कळते, रिकाम्या जागेचा मोह कळत नाही. दोन मशिनं आल्यावर गोडाऊनमधलं मॅनेजरचं टेबल ठेवायला जागा उरली नाही. त्यानं शेठला विचारलं, वरची ती जिन्यालगतची खोली रिकामी आहे, ती ऑफिसला द्याल का? शेठनं दिली. त्याच्या लेखी ती आता कुणाचीच नव्हती. हे मला कळलं तेव्हा टेबल वर गेलेलं होतं, प्रिंटरही गेला होता. मी शेठशी दोन दिवस धड बोललो नाही. त्याला वाटलं, माझं काहीतरी येणं बाकी असेल. मॅनेजरनं मला विचारलं, "सर, तुमचं काही बिनसलंय का?" मी म्हणालो, मान दुखतेय.

बुटक्या जागेत मशीन उभं करणं हा वेगळाच छळ असतो. आडवं आणून सरळ उभं करता येत नाही. उभं करताना त्याचा कोपरा छताला अडतो, हे घरात कधी कपाट आणलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून ते जागेवरच तुकड्यातुकड्यानं जोडायचं, मान वाकडी करून, बीम आणि डोकं यांच्यामध्ये पाना फिरवत. ट्यूबलाइट काढून भिंतीवर लावली, पंखा काढून टाकला. दिवाळीत कंपनी बंद असते, तेवढ्यात टेस्टिंग उरकायचं ठरलं. म्हणजे भाऊबीजेला मी त्या गोडाऊनमध्ये. सांगलीला बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "असू दे रे, काम आहे तर काय करणार?" ती दरवर्षी हेच म्हणते.

भाऊबीजेला खरं तर भावानं बहिणीकडे जायचं. पण शेठच्या बहिणीच्या घरी पाट मांडायलाही जागा नव्हती, म्हणून तीच माहेरी यायची आणि चार दिवस राहायची. सकाळी रिक्षा थांबली. ती उतरली, हातात पिशवी, जवळ्याचा वास माझ्यापर्यंत आला. काळा चष्मा आता नव्हता. मला बघून ती ओळखीचं हसली आणि वर छताकडे बघितलं. चौकोन पुसलेला होता, मीच पुसला होता. तिचा चेहरा उजळला. मी मान खाली घातली आणि स्क्रूशी खेळत बसलो.

जिन्यात तिच्या पावलांचा आवाज आला. पहिल्या मजल्यावर थांबला. तिथं दाराला आता कंपनीचं कुलूप होतं. मग शेठचा आवाज आला, हौसेचा, "बाय, हितं नाय, वर ये वर!" आणि पावलं वर गेली.

दुपारी वरून मटणाचा वास आला. मलाही ताट आलं, शेठची बायको स्वतः घेऊन आली. ती खुशीत होती. "बायला खोली आवडली," ती म्हणाली. "मी तिला बोलले, आता तू नुसती बसून राहा, पानीसुदा तुज्या हातानं घेऊ नको."

ऊन उतरायला लागलं तेव्हा बहीण खाली आली. हातात तीच पिशवी. मशीनपाशी थांबली. "चालतं का?" तिनं विचारलं. मी बटण दाबलं. आत लिफ्ट हलली, ट्रे काढला, तिच्यासमोर आणून ठेवला. तिनं ट्रेच्या कडेवर हात ठेवला.

"छान हाय. कोनाला शिडीवर चढायला नको."

"राहणार ना, ताई, चार दिवस?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"वयनीनं मना चा घेनार का इचारलं," ती म्हणाली. "आजपर्यंत कदी इचारला नव्हता. मीच उटून सगल्यांना करायचे." मग ट्रेवरचा हात काढून घेत म्हणाली, "खोली लई चांगली हाय. भावानं लई खर्च केला. त्याला काय बोलू नका."

ती गेटबाहेर गेली आणि रिक्षात बसली. मी तिला थांबवायला पाहिजे होतं का, मला माहीत नाही. मला नुसतं फार दमल्यासारखं झालं.

थोड्या वेळानं शेठ खाली आला. कपाळावर कुंकवाचा टिळा, त्यावर चिकटलेले तांदूळ. माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसला.

"गेली," तो म्हणाला. "डोल्यातलं औषध घरी राहिलं बोलली. मी बोललो, मी आनून देतो. तर नाय. ते औषध पनवेलात मिलत नाय काय, साहेब?"

मला आता गप्प राहायचं नव्हतं. "शेठ, खोली बदलायच्या आधी त्यांना एकदा विचारायला पाहिजे होतं."

तो चिडला नाही. गळ्यातली साखळी बोटांत धरून खाली बघत राहिला.

"इचारलं असतं तर ती हो बोलली असती," तो म्हणाला.

"मग?"

"ती कदी कशाला नाय बोललीच नाय. जमिनीच्या कागदावर सही करताना बापानं तिला इचारलं व्हतं, करशील का? ती लगेच हो बोलली, हसून बोलली. नि बापूस रडाय लागला. पोरगी हसतं नि ह्यो रडतो. मना तवा कललं नाय, का रडतो."

तो उठून गेटपर्यंत गेला आणि रिक्षा गेली त्या रस्त्याकडे बघत उभा राहिला. माझं टेस्टिंग अर्धं राहिलं होतं, पण तो तिथं उभा असेपर्यंत मशीन चालू करायला माझा हात होईना.